रिपोर्टात 'सेन्सिटिव्ह', मग ताप का उतरत नाही?

प्रश्न असा आलाय: सांगलीच्या पेशंटच्या रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू, व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे औषध लागू पडायला हवं), तरी ५व्या दिवशीही ताप आणि कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पॉझिटिव्ह. आधी रिपोर्टात सिफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची ओळ बघा. त्याच्या ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती २२ मिमी किंवा जास्त व्यासाचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ असेल तर तो एमआरएसए (मेथिसिलिन गटाच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ) नाही, आणि मग व्हँकोमायसिनवर अडून बसण्यात अर्थ नाही. व्हँकोमायसिन जंतूंना सावकाश मारतं, अशा वेळी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक सरस.

एमआरएसए निघाला तर व्हँकोमायसिनच्या एमआयसीचा (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा मागा. व्हँकोमायसिनची चकती लावून दिलेला निकाल धरूच नका; त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही.

आकडा चांगला असला तरी सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) बायोफिल्म (चिकट थर) करून बसलेला जंतू जेमतेम वाढत असतो. व्हँकोमायसिन म्हणजे जंतूची पेशीभित्तिका बांधणं रोखणारं औषध, ते बांधकामच थंडावलेल्या जंतूचं काय करणार? लाइन काढा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाठवा. इतके दिवस पॉझिटिव्ह म्हणजे ४ ते ६ आठवडे औषध, मोजणी पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून. आणि हो, मिरजेच्या लॅबला रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या पाठवायच्या असतील तर फ्रिजमध्ये ठेवू नका.