चर्चा: सोलापुरात टायपिंग शिकायचं तर इनस्क्रिप्टच शिका

पेठेतला_डीटीपी:
पूर्व भागात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याचं, दुकान आहे. सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी मार्कंडेय रथोत्सवाचा तेलुगू फ्लेक्स, संध्याकाळी अक्कलकोटकडचं कन्नड पत्रक. कामाला येणारी पोरं इंग्रजी अक्षरांतून मराठी बडवतात आणि लिपी बदलली की अडकतात. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची एकसारखी कीबोर्ड मांडणी. तिच्यात क तिन्ही लिप्यांत 'के'वर, त 'एल'वर, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) 'डी'वर. १९९१च्या भारतीय मानकातलीच मांडणी आहे ही. बोटं एकदा बसली की विंडोजचं बटण आणि स्पेस, झाली भाषा बदलून. हे क्लासवाले का शिकवत नाहीत?

शेंगाचटणी:
हे तुमच्या धंद्याचं झालं की! ऑफिसात चार ओळींचं पत्र लिहिणाऱ्यानं कशाला बोटं मोडून घ्यायची? विंडोज १० मध्ये २०१९पासून मराठी, तेलुगू, कन्नड, सगळ्यांचे फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून लिहायचे, कीबोर्ड आहेत.

पेठेतला_डीटीपी:
आहेत. पण आपण त साठी नुसता 'टी' मारतो, आमची तेलुगू मंडळी 'टीएच'. एकाच कॉम्प्युटरवर दोघं बसले की रोज भांडण. चार ओळींना चालेल, चारशे नावांच्या यादीला नाही.

रेमिंग्टनताई:
टाइपरायटरवर शिकलेल्यांचं काय? अर्धा त, अर्धा स यांच्या जागा डोळे मिटून सापडतात मला. इनस्क्रिप्टला बहुतेक जोडाक्षरांत हलन्त मारा, वेग पार बसतो. आणि पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, कळतच नाही. छापखान्यातून जुन्या फॉन्टचीच फाइल मागतात, ती दुसरीकडे उघडली की नुसती गिचमीड. दोष कीबोर्डचा नाही, पण भोगतो आम्हीच.

होटगी_रोड:
डीटीपीवाले अर्धंच सांगतायत. कन्नड-तेलुगूत ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ वेगळे. मराठी सवयीनं 'एस' दाबला की दीर्घ ए उमटतो, ऱ्हस्वची मात्रा 'झेड'वर आहे. दुकानांच्या पाट्यांवर ही चूक दिसली की कन्नड माणसाला लगेच कळतं, हे मराठी बोटांचं काम. भाषा येत नसेल तर कीबोर्ड काय करणार?

पेठेतला_डीटीपी:
मान्य. प्रूफ वाचायला त्या भाषेचा माणूस लागतोच, मी कधी नाही म्हटलं? पण दोन जास्तीच्या कळा शिकणं आणि अख्खी नवी मांडणी शिकणं यात फरक आहे.

शेंगाचटणी:
आणि उर्दू? तीही याच गावात छापतात.

पेठेतला_डीटीपी:
तिची लिपीच वेगळ्या घराण्यातली, उजवीकडून डावीकडे. तिथं इनस्क्रिप्टचा उपयोग नाही. ते काम मी विजापूर वेशीत पाठवतो.