‘प्रवर समिती’ म्हणायचं की ‘चिकित्सा समिती’?

परळ

बातम्यांच्या भाषांतराचं काम करते, त्यामुळे अधिवेशन सुरू झालं की संसदेच्या समित्या रोज हाताखालून जातात. मागच्या आठवड्यात ‘विधेयक प्रवर समितीकडे’ असं शीर्षक लावलं. आमच्याकडे मुद्रितं तपासणाऱ्या काकू तीस वर्षं हेच काम करताहेत. त्यांनी ‘प्रवर’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पान घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. ‘अगं, प्रवर म्हणजे लग्न जमवताना गोत्राबरोबर विचारतात तेच ना? त्याची समिती कशी असेल?’ मला उत्तर देता आलं नाही. शब्द मी हिंदी बातमीतून जसाच्या तसा उचलला होता.

घरी येऊन शोधलं. संस्कृतात प्रवर म्हणजे श्रेष्ठ, निवडक. विधेयक तपासायला नेमलेल्या समितीला इंग्रजीत ‘सिलेक्ट कमिटी’ म्हणतात, तिचं हिंदीने प्रवर समिती केलं, आणि तिथून तो शब्द आपल्या बातम्यांत आला. मराठी बोलण्यात मात्र तो गोत्राचा हात सोडून कुठे फिरताना दिसत नाही.

आपल्या विधिमंडळात यासाठी दुसरा शब्द चांगला रुळलेला आहे: चिकित्सा समिती. दोन्ही सभागृहांचे सदस्य असले तर संयुक्त चिकित्सा समिती. २०२४च्या हिवाळी अधिवेशनात जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी हेच नाव छापलं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. इंग्रजी आणि हिंदी नाव एवढंच सांगतं की ही माणसं निवडून घेतलेली आहेत. मराठी नाव सांगतं, की ती तिथे बसून काय करतात.

आणि करतात ती चिकित्साच. नव्या प्राप्तिकर विधेयकाचं घ्या. फेब्रुवारी २०२५मध्ये ते लोकसभेत आलं, तेव्हा त्यात ५३६ खंड (म्हणजे तरतुदी, इंग्रजीत क्लॉज) होते. लोकसभेच्या ३१ सदस्यांच्या समितीकडे गेलं आणि जुलैत समितीचा अहवाल आला. ऑगस्टमध्ये सरकारने आधीचा मसुदा मागे घेऊन शिफारशी सामावलेला नवा मसुदा आणला. मधल्या महिन्यांत काय होतं, तर आधी खात्याचे सचिव विधेयक समजावून सांगतात, मग ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्या संघटना, व्यावसायिक, तज्ज्ञ येऊन म्हणणं मांडतात, आणि शेवटी एकेक खंड घेऊन त्यावर विचार. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ असावं का, मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, हे तिथे ठरतं. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती हस्तलिखितांतला शब्द न् शब्द ताडून. समितीचं कामही त्याच जातीचं आहे.

माझा प्रश्न असा: हा विधिमंडळाचा शब्द लोकसभेच्या समितीलाही लावावा का? की ‘चिकित्सा’ म्हटलं की वाचकाला दवाखाना आठवेल?

मुलुंड

दवाखाना हिंदी वाचकाला आठवेल, मराठी वाचकाला नाही. आपण ‘किती चिकित्सा करतेस, घे की भाजी’ असं मंडईत म्हणतो. चिकित्सक माणूस म्हणजे खोलात शिरणारा माणूस. शब्दाचं मूळही तेच आहे, ‘जाणून घ्यायची इच्छा’ दाखवणारं संस्कृत रूप. रोग जाणून घ्यायचा म्हणून वैद्यही चिकित्सा करतो. म्हणजे जाणणं आधी आणि औषध नंतर.

माझा गोंधळ वेगळ्याच शब्दावरून झाला होता. माझे सासरे महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले. परवा बातमी वाचून मला म्हणाले, ‘वित्तविषयक स्थायी समितीत हा विषय दोन महिने कशाला पडून आहे? मंजूर करायचा की फेटाळायचा, एवढंच तर असतं.’ त्यांच्या कानाला ‘स्थायी’ म्हणजे पालिकेची स्थायी. खर्चाचा प्रस्ताव आला, मंजूर झाला, काम निघालं. सगळ्या मुंबईकरांचं थोडंफार असंच होत असणार. दिल्लीतल्या स्थायी समितीला वेगळं नाव नको का?

परळ

मुलुंडच्या ताई, सासऱ्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. इंग्रजीतसुद्धा दोन्हींना एकच नाव आहे. पण फरक फार मोठा आहे. पालिकेच्या स्थायी समितीच्या हातात तिजोरीची एक किल्ली असते. संसदेच्या स्थायी समितीकडे अशी किल्ली नाही. ती वाचते, विचारते आणि शिफारस करते. तिचा अहवाल सरकारने विचारात घ्यायचा सल्ला असतो, सरकारला बांधून टाकणारा हुकूम नसतो.

पूर्ण नाव ‘विभागसंलग्न स्थायी समिती’ असं करता येईल. अशा २४ समित्या आहेत. १९९३ला १७ होत्या, २००४ला २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला यांत सदस्य होता येत नाही. बातमीत एकदा ‘संसदेची स्थायी समिती’ असं म्हटलं तर सासऱ्यांचा अर्धा प्रश्न सुटेल. मी यापुढे ‘संसदेची’ हा शब्द कधीच गाळणार नाही.

पण या समित्यांच्या कामातला सर्वांत घातक शब्द मला ‘स्थायी’ वाटत नाही. तो आहे ‘अनुदानाच्या मागण्या’. अर्थसंकल्प मांडल्यावर अधिवेशनाला काही आठवड्यांची सुट्टी असते. त्या सुट्टीत या समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाचे आकडे तपासतात. गेल्या वर्षी किती मागितले, किती वापरले, उरले तर का उरले, ज्या योजनेसाठी घेतले तिथेच गेले का. सचिव समोर बसलेले असतात. वर्षभरातलं हे सगळ्यांत कष्टाचं काम, आणि त्याचं मराठी शीर्षक आपण असं देतो: ‘कृषी मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर समितीत चर्चा’.

आता हे वाक्य लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन वाचा. अनुदान म्हणजे त्याला ठाऊक असलेलं अनुदान: गॅसचं, ठिबक सिंचनाचं, शाळेचं. मागण्या म्हणजे आझाद मैदानावर फलकावर लिहिलेल्या असतात त्या. तो समजतो, की शेतकऱ्यांनी अनुदान मागितलंय आणि समिती त्यावर बोलतेय. खरं तर मंत्रालय सभागृहाकडे आपल्या वर्षभराच्या खर्चासाठी पैसे मागत असतं. दोन्ही शब्द मराठीच आहेत, वाक्य शुद्ध आहे, आणि वाचकापर्यंत पोचलेला अर्थ साफ चुकीचा आहे. असं शीर्षक मी स्वतः किती वेळा लावलंय ते आठवलं की वाईट वाटतं.

हे इतकं मनाला लावून घेण्याचं कारण आहे. लोकसभेत सगळ्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होतच नाही. काही थोड्यांवर होते, बाकीच्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. म्हणजे पुष्कळ मंत्रालयांच्या पैशांवर खासदारांनी नजर घातली असेल तर ती समितीतच. त्याची बातमी तरी वाचकाला कळली पाहिजे. नियमांच्या पुस्तकात, अभ्यासाच्या लेखात ‘अनुदानाच्या मागण्या’ राहू दे. बातमीत मी ‘मंत्रालयाची खर्चाची मागणी’ लिहायला सुरुवात केली आहे.

गिरगाव

‘चिकित्सा’बद्दल एक हरकत नोंदवतो. संयुक्त समिती दर वेळी विधेयकासाठी नसते. १९८७ची बोफोर्सची समिती, १९९२ची रोखे घोटाळ्याची, २०११ची टू-जीची, या चौकशीसाठी नेमलेल्या होत्या. १९९२ला मी फोर्टात एका बँकेत कारकून होतो. त्या काळात हाफिसात, लोकलमध्ये, नाक्यावर एकच शब्द होता, ‘जेपीसी’, म्हणजे संयुक्त संसदीय समिती. तिला कुणी चिकित्सा समिती म्हटलं असतं तर चाललं नसतं. तिथे मसुद्याची वाक्यं तपासायची नव्हती, पैसा कुठल्या दाराने गेला ते शोधायचं होतं. त्याला आपल्याकडे ‘चौकशी’ हा खणखणीत शब्द आहे.

चेंबूर

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, म्हणून ‘साक्ष’ या शब्दाबद्दल थोडं. बाहेरच्या माणसाला साक्ष म्हटलं की कोर्ट आणि पिंजरा दिसतो. आमच्याकडे ‘लोकलेखाची’, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीची, ‘साक्ष लागली’ हे वाक्य वर्षातून एक-दोनदा तरी ऐकू यायचं, आणि त्यानंतर पंधरा दिवस कुणाला रजा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातला एकेक परिच्छेद, त्याची एकेक नस्ती (फाईल), नस्तीत जागोजागी खोचलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर प्रश्नाचा क्रमांक. सचिवांनी हात पुढे केला की तोच कागद हातात गेला पाहिजे. एकदा १४ नंबरची चिठ्ठी गळून पडली होती. तो कागद सापडेपर्यंत गेलेलं अर्धं मिनिट मला आजही आठवतं.

दिल्लीतही पद्धत हीच. तिथली लोकलेखा समिती १९२१पासूनची, आज २२ सदस्यांची, आणि १९६७पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा पायंडा आहे. माणूस आरोपी म्हणून येत नाही, पण जे बोलतो ते शब्दशः नोंदलं जातं. त्यामुळे ‘साक्ष’ हाच शब्द बरोबर आहे, ‘सुनावणी’ नाही. साक्षी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला. खात्यात काय घडलं ते पाहिलेल्याने येऊन सांगायचं. बातम्यांत ‘अधिकाऱ्यांची समितीपुढे सुनावणी’ असं येतं, ते दुरुस्त करावं ही विनंती.

डोंबिवली

माझे दोन बारीक प्रश्न. आमच्या सोसायटीच्या नोटिशीत ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल’ असं असतं. संसदेच्या बातमीत ‘गणपूर्ती’ दिसतं. यात फरक आहे का? आणि अहवाल ‘पटलावर’ ठेवतात, ते पटल म्हणजे काय? मला डोळ्यातलं नेत्रपटल माहीत आहे.

परळ

एकेकाचं घेते.

गिरगावचे काका, तुमची हरकत मान्य. विधेयक हातात असेल तर चिकित्सा समिती, प्रकरण हातात असेल तर संयुक्त संसदीय समिती आणि मजकुरात ‘चौकशी’. एकाच साच्यात दोन्ही घालायचा माझा हट्ट नाही.

चेंबूरच्या सरांचं म्हणणं आजपासून पाळते. ‘सुनावणी’ मीही लिहिलेलं आहे.

गणसंख्या म्हणजे लागणारी माणसं किती तो आकडा, गणपूर्ती म्हणजे तो आकडा भरणं. सभागृहाला एक दशांश सदस्य लागतात, समितीला साधारण एक तृतीयांश. सोसायटीच्या नोटिशीतला शब्द अगदी योग्य आहे, तो बदलायची गरज नाही.

पटल म्हणजे मूळचं आच्छादन, पापुद्रा. म्हणून नेत्रपटल. सभागृहातल्या मेजाला हा शब्द लावायची रीत पडली आणि आता ती मोडणार नाही. जो कागद पटलावर ठेवला तो सगळ्यांचा झाला, एवढं वाचकाला कळलं की पुरे. त्याआधी समितीचं सगळं कामकाज बंद दाराआड असतं आणि अहवाल मांडला जाईपर्यंत गोपनीय. म्हणूनच ‘सूत्रांनी सांगितले’वाल्या बातम्या एवढ्या येतात. ‘अहवाल’चंही मूळ बघा, अरबी ‘हाल’चं ते अनेकवचन. हालहवाल विचारतो तोच शब्द. खात्याचे हाल काय आहेत ते सभागृहाला कळवायचं, इतका सरळ अर्थ त्यात आहे.

खंड आणि कलम यांचीही गल्लत टाळू या. विधेयकात असतात ते खंड. कायदा झाला की त्यांची कलमं होतात. ‘विधेयकातील कलम ४४ वर समितीत खडाजंगी’ असं लिहिणं म्हणजे मूल जन्मायच्या आधी त्याला शाळेत घालण्यासारखं आहे.

सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी ‘अंदाज समिती’ जुनी, १९५०ची, ३० सदस्य आणि सगळे लोकसभेचे. तिला ‘प्राक्कलन समिती’ करायचा मोह होतो, तो आवरावा. ‘अंदाजपत्रक’ हा शब्द गावच्या सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना कळतो, त्याच घरातला ‘अंदाज’ आहे.

आता माझं अडलेलं एक. समितीतल्या ज्या सदस्यांना अहवाल पटत नाही, ते आपलं वेगळं म्हणणं लेखी जोडतात. बातम्यांत त्याला ‘डिसेंट नोट’ म्हणतात, कुठे ‘असहमती पत्र’. आपल्याकडे ‘भिन्न मतपत्रिका’ असंही छापलेलं दिसतं, आणि तिथेच घोळ होतो. शब्द असा तोडला की वाचकाला मतदानाची मतपत्रिका दिसते, वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या आकाराची. खरी फोड ‘भिन्नमताची पत्रिका’ अशी आहे. सोपा उपाय म्हणजे एकत्र लिहिणं: भिन्नमतपत्रिका. काल एका बातमीत तसं लिहिलं. काकूंनी शब्दावर पेन्सिल टेकवली, एकदा मोठ्याने वाचला आणि पान पुढे पाठवलं.