मदत हवी आहे: सार्वजनिक दूरचित्रवाणीत माहितीपट निर्माता व्हायचं तर वाट कशी असते?

टाइमलाइन_२ (धागाकर्ता)

नमस्कार. माहितीपटांच्या संकलनात सहायक म्हणून काम करते. एका सार्वजनिक वाहिनीच्या इतिहासविषयक मालिकेत असोसिएट प्रोड्यूसरचं काम मिळण्याची शक्यता आहे, कंत्राटी स्वरूपाचं. होकार देण्याआधी या क्षेत्रातल्या लोकांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

१) असोसिएट प्रोड्यूसरच्या अंगावर नेमकं काय पडतं आणि तिथून प्रोड्यूसर होण्यासाठी काय यावं लागतं?
२) पुढे वाहिनीत राहावं की स्वतंत्र निर्माता व्हावं? हक्क आणि पैसा यांचं गणित कसं वेगळं असतं?
३) जुनं फुटेज आणि संगीत यांच्या परवानग्यांत लोक कुठे फसतात? या मालिकेत दोन्हींचा भरणा आहे.
४) अमेरिकेत सीपीबीचा (सार्वजनिक प्रसारणाला सरकारी पैसा पोचवणाऱ्या संस्थेचा) निधी गेल्यानंतर या वाटेला जाणं कितपत शहाणपणाचं?

एखाद्याच प्रश्नावर लिहिलंत तरी चालेल, पण तपशिलात लिहा अशी विनंती.

---

रफकट

पहिल्या प्रश्नाबद्दल.

पदांची नावं देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये रनर, रिसर्चर, असिस्टंट प्रोड्यूसर, मग प्रोड्यूसर-डायरेक्टर, सिरीज प्रोड्यूसर अशी चढण असते. अमेरिकेत असोसिएट प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सीनियर प्रोड्यूसर. दोन्हीकडे सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. वाहिनीच्या बाजूने माहितीपट निवडणारा तो कमिशनिंग एडिटर. त्याचं टेबल वेगळं, त्याला निर्मात्यांच्या उतरंडीत धरू नका.

इतिहासाच्या मालिकेत असोसिएट प्रोड्यूसर म्हणजे माहितीपटाच्या सगळ्या कागदांचा धनी. मुलाखतींसाठी माणसं शोधणं, प्रत्यक्ष मुलाखतीआधी फोनवर सविस्तर बोलून टिपण करणं, रिलीज फॉर्मवर सह्या घेणं, मुलाखतींचे टाइमकोडसह (कोणता शब्द फुटेजमध्ये नेमक्या कोणत्या क्षणी आहे त्याच्या नोंदीसह) शब्दशः उतारे करून घेणं, फुटेज आणि छायाचित्रं मागवणं, आणि निवेदनातल्या प्रत्येक विधानाला आधार जोडणं. यातलं शेवटचं काम सर्वांत कमी दिसतं आणि माणसाची खरी पारख त्यातच होते. संहितेच्या प्रत्येक ओळीसमोर आधाराचं नाव, पान क्रमांक आणि शक्यतो दुसरा स्वतंत्र आधार लिहिलेला असावा. पहिल्याच मजकुरावरून उचललेला दुसरा मजकूर म्हणजे दुसरा आधार नव्हे. वकील आणि विमा कंपनी प्रसारणाआधी हीच प्रत मागतात. ती पिक्चर लॉकनंतर (चित्राचं संकलन पक्कं झाल्यावर) घाईघाईने बनवायला घेतली की हमखास गोंधळ होतो, कारण तोवर निवेदन अनेकदा बदललेलं असतं आणि कोणती ओळ कुठून आली हे कुणालाच आठवत नाही. म्हणून संहितेची नवी आवृत्ती निघेल त्याच दिवशी आधारांची प्रतही अद्ययावत करायची.

रिलीज फॉर्म मुलाखत संपल्या संपल्या, दिवे उतरवायच्या आत सही करून घ्या. पुढे टपालाने मागवलेले फॉर्म परत येत नाहीत. त्यात 'सर्व माध्यमं, सर्व देश, कायमस्वरूपी' हे शब्द आहेत ना, ते बघा. नुसतं 'प्रसारणासाठी' लिहिलेलं असलं तर वेबवर दाखवताना तोच कागद आडवा येतो.

प्रोड्यूसर होण्यासाठी काय लागतं? एखादा संपूर्ण प्रसंग संशोधनापासून फाइन कटपर्यंत (जवळजवळ अंतिम संकलनापर्यंत) एकट्याने नेता येणं. आपलं लेखन इथेच कमी पडतं. संकलनातून आलेल्यांना रचना चांगली कळते, पण चित्र जे सांगतंय तेच निवेदनात पुन्हा सांगायचा मोह आवरत नाही. पंधरा सेकंदांच्या दृश्यावर साधारण तीस ते पस्तीस शब्द बसतात. त्यात चित्रात नसलेलीच माहिती भरायची सवय करा. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर बढतीआधी हेच तपासतात.

---

डबा_क्रमांक_सात

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा, म्हणून जरा लांबण लागेल.

पहिल्या दिवसापासून एकच तक्ता ठेवा. रकाने: तुमचा क्लिप क्रमांक, पुरवठादाराचा क्रमांक, मूळ हक्कदार, कटमधला आरंभ आणि शेवट टाइमकोड, सेकंद, दर, परवान्याची व्याप्ती, मास्टर (पूर्ण दर्जाची प्रत) आला का. पुरवठादार आणि हक्कदार हे दोन रकाने वेगळेच हवेत. संग्रहालय तुम्हाला प्रत देतं, म्हणजे हक्क त्याच्याकडे असतातच असं नाही. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमधलं फुटेज फुकट वापरता येतं असा समज सरसकट आढळतो. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेलं चित्रण तिथे मुक्त असतं, हे खरं. पण त्याच कपाटांत खासगी कंपन्यांनी देणगी म्हणून दिलेली रिळंही आहेत आणि मुक्त रिळावर वाजणारं गाणं कुणाच्या तरी मालकीचं असू शकतं.

परवान्याचे तीन कोन: माध्यम, प्रदेश, मुदत. पैसे वाचवायला लोक मुदत कापतात. त्याचं काय होतं याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे 'आइज ऑन द प्राइझ', अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड कंपनीची मालिका. १९८७ साली सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली, प्रचंड गाजली. पण फुटेज, छायाचित्रं, गाणी यांचे परवाने ठरावीक वर्षांचे होते. ते संपल्यावर ती दाखवताही येईना आणि नव्या प्रती विकताही येईनात. परवाने नव्याने घ्यायला मोठ्या देणग्या उभ्या कराव्या लागल्या, तेव्हा कुठे २००६ साली ती पीबीएसवर (अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्यावर) परतली. एवढं मोलाचं काम कागदाच्या मुदतीपायी वर्षानुवर्षं अडून पडलं, ही फार वाईट गोष्ट आहे. कायमस्वरूपी परवाना परवडत नसेल तर निदान मुदतवाढीचा दर आजच करारात लिहून घ्या. माहितीपट गाजल्यावर घासाघीस करायला गेलात तर पारडं समोरच्याचं जड.

किमान आकार, म्हणजे कमीत कमी लागणारं शुल्क, हा दुसरा खड्डा. बरेच पुरवठादार एका ऑर्डरला तीस किंवा साठ सेकंदांचे पैसे लावतात, वापर चार सेकंदांचा असला तरी. पाच ठिकाणांहून चार-चार सेकंद उचलले तर बिल वीस सेकंदांचं न येता पाच किमान आकारांचं येतं. म्हणून रफ कटनंतर (पहिल्या कच्च्या संकलनानंतर) तक्ता पुरवठादारानुसार लावून बघा आणि ज्यांच्याकडून एकच तुकडा आहे त्यांना पर्याय शोधा. संकलकाशी हा वाद घालावा लागतो. घाला.

संगीतात अमेरिकेतली एक सवलत लोकांना गाफील ठेवते. तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ११८ मुळे सार्वजनिक प्रसारकांना प्रकाशित संगीतरचना ठरलेल्या दराने, वेगळी परवानगी न मागता वापरता येतात. पण ती सवलत प्रसारणापुरती आहे. व्यावसायिक स्ट्रीमिंग, डिस्क आणि परदेशी विक्री तिच्यात येत नाही. तिथे रचनेचा सिंक परवाना (ती चित्राला जोडण्याची परवानगी) वेगळा, ध्वनिमुद्रणाचा मास्टर परवाना वेगळा. सवलतीवर विसंबून कटभर प्रसिद्ध गाणी पेरली की माहितीपट परदेशी विकायच्या वेळी संगीत उपटून पुन्हा मिक्स करावं लागतं.

फेअर यूजबद्दलही (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायदेशीर मुभा) प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेत माहितीपटकारांच्या संघटनांनी २००५ साली याबद्दलची आचारसंहिता एकत्र येऊन काढली आणि २००७ पासून विमा कंपन्या तशा दाव्यांना संरक्षण देऊ लागल्या. ज्या तुकड्यावर तुम्ही भाष्य करताय किंवा जो स्वतःच पुरावा आहे, तो गरजेपुरता वापरा. वातावरणनिर्मितीसाठी वापरलात तर हा बचाव लंगडा पडतो. आणि ब्रिटनमधलं फेअर डीलिंग याहून अरुंद आहे. तिथला सहनिर्माता असेल तर त्या वकिलाला वेगळं विचारा.

जाता जाता: मास्टर मागवताना मूळ फ्रेम रेटमध्येच (सेकंदाला जितक्या फ्रेम, तितक्याच) मागवा. २५ फ्रेमचं फुटेज २३.९८ च्या टाइमलाइनवर कुणी परस्पर बदलून पाठवलं, तर एक तर ते सुमारे चार टक्के संथ होतं, नाहीतर फ्रेम एकमेकांत मिसळून कडा दुहेरी दिसतात. ही दुरुस्ती नंतर होत नाही.

---

टाइमलाइन_२

डबा_क्रमांक_सात, तुमचा प्रतिसाद छापून ठेवते आहे. एक शंका: तक्ता असोसिएट प्रोड्यूसरने करायचा, पण परवान्याचा खर्च कुणाच्या हातात असतो? संख्या कळल्याशिवाय संकलकाशी वाद कसा घालणार?

---

डबा_क्रमांक_सात

खर्च लाइन प्रोड्यूसर किंवा प्रॉडक्शन मॅनेजरकडे असतो. दर आठवड्याला तक्त्यातल्या सेकंदांना दराने गुणून एकूण त्यांना पाठवा, ते मागोत न मागोत. फुटेजचं बजेट ओलांडलं गेलंय हे फाइन कटला कळलं तर सुधारणा महाग पडते. रफ कटलाच कळलं तर फक्त चर्चा करावी लागते.

---

चौथा_हप्ता

दुसरा आणि चौथा प्रश्न एकत्रच घेते, कारण उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

वाहिनीच्या नोकरीत पगार वेळेवर, वकील घरचाच, विमा घरचाच. मात्र माहितीपट वाहिनीचा, तुमच्याकडे राहतं ते श्रेयनामावलीतलं नाव. स्वतंत्र निर्मात्याचं उलट. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवा प्रसारकांनी किमान २५ टक्के कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून घेणं कायद्याने बंधनकारक केलं गेलं आणि २००४ पासूनच्या व्यवहार-अटींमुळे दुय्यम हक्क (पहिल्या प्रसारणानंतरच्या विक्रीचे) निर्मात्याकडे राहू लागले. तिथल्या स्वतंत्र कंपन्या वाढल्या त्या यामुळे. अमेरिकेत स्वतंत्र माहितीपटांना पैसा देणारी आयटीव्हीएस ही संस्था प्रसारणाचा परवाना घेते, मालकी आणि संपादकीय ताबा माहितीपट करणाऱ्याकडे ठेवते. करार वाचताना हाच मुद्दा आधी शोधा: तुम्ही परवाना देताय की माहितीपटच विकताय?

पैसे हप्त्यांनी येतात. सही, चित्रीकरणाचा आरंभ, रफ कट, फाइन कट, डिलिव्हरी. शेवटचा हप्ता तांत्रिक तपासणी पार झाल्याशिवाय सुटत नाही आणि नेमका तेव्हाच ग्रेडिंग (रंगसुधारणा), मिक्सिंग आणि परवान्यांची बिलं येऊन पडतात. स्वतंत्र कंपन्या बुडतात त्या बहुधा याच खिंडीत, माहितीपट चांगला असूनही. म्हणून परवान्यांची रक्कम फाइन कटच्या हप्त्याला जोडून मागा आणि बजेटच्या दहा टक्क्यांपर्यंत राखीव ठेवा.

तपासणीत काय नापास होतं? आवाजाची पातळी सर्वांत जास्त वेळा. युरोपात आर-१२८ या मानकाप्रमाणे उणे २३ एलयूएफएस, अमेरिकेत उणे २४ एलकेएफएस (दोन्ही आवाजाच्या पातळीची एककं). मग जुन्या बातम्यांतले कॅमेऱ्यांचे लखलखाट, जे ब्रिटनच्या फोटोसेन्सिटिव्ह चाचणीत (लखलखाटाने प्रेक्षकाला झटका येऊ नये म्हणून होणाऱ्या) अडकतात. मग लांबी. पीबीएसचा तास ५६ मिनिटं ४६ सेकंदांचा, युरोपीय विक्रीचा तास ५२ मिनिटांचा. शेवटी सबटायटल आणि संगीताचं क्यू शीट (कोणतं संगीत कुठे आणि किती वेळ वाजतं याची यादी), जे सगळेच शेवटच्या रात्री भरतात.

आता सीपीबी. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये तिने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था होती ती. आयटीव्हीएसचा मुख्य आधार तीच, त्यामुळे तिथल्या स्वतंत्र माहितीपटांना थेट फटका बसला. माझं स्पष्ट मत: हे नुकसान लवकर भरून निघणारं नाही आणि 'खासगी फाउंडेशन्स आहेत की' असं म्हणणाऱ्यांनी संपादकीय ताब्याचा प्रश्न बघितलेला नसतो. पीबीएसच्या निधीनियमांत तीन कसोट्या आहेत: संपादकीय ताबा कुणाचा, प्रेक्षकाला काय वाटेल आणि व्यापारी हेतू आहे का. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी केंद्राने सरकारी निवृत्तिवेतनावरच्या मालिकेसाठी मिळालेले ३५ लाख डॉलर फाउंडेशनला परत केले, कारण त्या फाउंडेशनचं नाव त्याच विषयावरच्या धोरणात्मक मोहिमेशी जोडलेलं होतं. देणगीदार आणि विषय यांचं नातं तपासणं हे पहिल्या बैठकीआधीचं काम आहे.

पैशाच्या इतर वाटाही आहेत: जर्मनीत सार्वजनिक प्रसारणासाठी घरटी वर्गणी आहे, जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारकाचं शुल्क आहे, फ्रान्स आणि जर्मनी मिळून चालवत असलेली आर्टे वाहिनी १९९२ पासून प्रसारण करते आहे. बीबीसीची सध्याची सनद २०२७ अखेरपर्यंत आहे, म्हणजे तिथेही पुढची चर्चा आलीच. एकाच देशाच्या तिजोरीवर कारकीर्द बेतू नये, सहनिर्मितीचं काम शिकून घ्यावं.

---

रफकट

चौथा_हप्ता यांना दुजोरा. सहनिर्मितीसाठी संकलनातून आलेल्या माणसाला एक गोष्ट सहज जमते, तरी ती बहुतेकदा राहून जाते: मजकूरविरहित चित्रं आणि सुटे ध्वनिपट. नावपट्ट्या, नकाशे, तारखा यांच्याखालचं स्वच्छ चित्र वेगळं काढून ठेवा. निवेदन, मुलाखती, संगीत आणि इफेक्ट असे चार सुटे पट मिक्सिंगच्या दिवशीच मागून घ्या. नाहीतर दुसऱ्या भाषेतली आवृत्ती करताना अख्खं मिक्स पुन्हा करावं लागतं.

---

टाइमलाइन_२

सर्वांचे आभार. उद्या करारावर बोलणं आहे. सही करण्याआधी काय विचारू?

---

चौथा_हप्ता

चार गोष्टी, सगळ्या लेखी. श्रेयनामावलीत नेमकं कोणतं पद आणि काम वाढलं तर ते बदलेल का. कंत्राटाची अखेर पिक्चर लॉकला आहे की डिलिव्हरीला, कारण परवाने आणि क्यू शीट ही तुमची कामं लॉकनंतरच अंगावर येतात आणि तोवर कंत्राट संपलेलं असेल तर ती बिनपगारी करावी लागतात. एरर्स अँड ओमिशन्स विम्यात (चुकीची माहिती किंवा हक्कभंग यांवरच्या दाव्यांसाठीच्या) तुमचं नाव आहे का. आणि मालिकेचा फुटेज तक्ता आत्ता कुणाकडे आहे. 'अजून कुणाकडेच नाही' असं उत्तर आलं आणि चित्रीकरण सुरू झालेलं असलं, तर पहिले दोन आठवडे फक्त त्याच कामाला मिळतील हे करारातच लिहून घ्या.