हायवेचे किलोमीटर धरू नका

इंजिन ट्यून करून ताकद वाढवलीय म्हणून क्लचला ६ पकवाली (घासणाऱ्या सहा सुट्या तुकड्यांची) सिरॅमिक प्लेट टाकू का, आणि नवा क्लच ८०० किमी हायवेला पळवला की बसेल का (म्हणजे प्लेट घासून नीट जुळेल का), असे दोन प्रश्न वर आलेत. माझं उत्तर दोन्हीला नाही.

पॉवरचा आकडा सोडा, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, बघा. ट्यूननंतरच्या टॉर्कपेक्षा २०-२५ टक्के जास्त पेलणारा क्लच पुरे. रोज सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला ऑरगॅनिक (नेहमीच्या, हळू पकडणाऱ्या मटेरियलची) प्लेट, तिच्या मध्यभागी धक्के शोषणारा स्प्रिंगवाला हब आणि तिला दाबून धरणारी जरा कडक प्रेशर प्लेट. सिरॅमिक एकदम पकडतं. मी वर्षभर सोसलंय: रिव्हर्सला हाफ क्लचवर सरकवायला गेलो की गाडी अशी थरथरायची की आरशात मागचं काही धड दिसायचं नाही!

आता बसवण्याचं. प्लेट घासते ती क्लच सोडताना, पूर्ण जोडला गेल्यावर नाही. टॉप गिअरला सलग पळालात तर काहीच घासत नाही, मग बसणार काय? ते ८०० किमी गर्दीतले हवेत. कमी आरपीएमवर उचला, फुल थ्रॉटल नको, लाँच, म्हणजे जागेवरून झटक्यात उडवणं, तर नकोच. घाई केलीत तर प्लेटवर काचेसारखी चकाकी येते आणि मग ती घसरते. प्लेट केव्हलारची (चिवट कृत्रिम धाग्याची) असेल तर याहून जास्त धीर धरा.

आणि जुनं फ्लायव्हील (इंजिनाकडची चकती, जिच्यावर प्लेट घासते) मशीनवर घासून सपाट केल्याशिवाय नवी प्लेट चढवू नका. ब्रेक क्लीनरने पुसल्यावर बोटही लावायचं नाही. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना, ज्यांवर प्लेट सरकते) ग्रीस अगदी पुसटसं. जादा झालं की उडून नेमकं प्लेटवरच बसतं.