न्यूयॉर्कचे ‘सुप्रीम कोर्ट’ : सर्वोच्च न्यायालय म्हणावे का?

प्रश्न :
ब्रुकलिनच्या न्यायाधीश मार्गारिटा लोपेझ टोरेस यांच्या कारकिर्दीविषयीचा मजकूर मी सध्या मराठीत आणत आहे. १९९२ साली त्या तेथील सिव्हिल कोर्टावर निवडून आल्या. पुढे १९९७, २००२ आणि २००३ अशी तीनदा त्यांनी राज्याच्या ‘सुप्रीम कोर्टा’साठी उमेदवारी मागितली, पण डेमोक्रॅटिक पक्षाने ती दिली नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी निवड न झाल्याने’ असे शब्द होते. ज्या दोघांनी खर्डा वाचला, त्या दोघांचाही समज असा झाला की या बाईंना वॉशिंग्टनला जायचे होते आणि कुठल्याशा समितीने त्यांचे नाव वगळले. कोशात पाहिले तर माझा एकही शब्द चुकलेला नाही. मग ‘सर्वोच्च न्यायालय’, ‘न्यायमूर्ती’ आणि ‘निवड’ या तिन्ही शब्दांच्या जागी काय घालावे?

उत्तर :
पहिल्या शब्दाचा दोष आपला नाही, न्यूयॉर्कचा आहे. त्या राज्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे जेथे खटला प्रथम उभा राहतो, साक्षीपुरावे होतात आणि ज्यूरी बसते ते न्यायालय. त्याच्या वर अपेलेट डिव्हिजन आणि सर्वांत वर कोर्ट ऑफ अपील्स. हे कोर्ट १६९१ मध्ये, वसाहतीच्या काळात स्थापन झाले तेव्हा ते नाव त्याला शोभत होते. १८४६ च्या राज्यघटनेने कोर्ट ऑफ अपील्स निर्माण केले, तरी याची पाटी मात्र तशीच राहिली. माझ्या परिचयातील एका कुटुंबात मुलाच्या घटस्फोटाचे कागद न्यूयॉर्कहून आले. त्या राज्यात घटस्फोट देण्याचा अधिकार याच कोर्टाला असल्याने कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘सुप्रीम कोर्ट’ असे छापलेले होते. ते वाचून नाशिकच्या मावशींनी हाय खाल्ली. नवराबायकोचे भांडण एकदम सुप्रीम कोर्टापर्यंत कसे गेले, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

‘न्यायमूर्ती’ या शब्दाची गत याहून मजेदार आहे. आपल्याकडे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्ती असतात आणि जिल्हा न्यायालयात व त्याखाली न्यायाधीश. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलटे आहे : खटला चालवणाऱ्या सुप्रीम कोर्टावरील व्यक्तीला ‘जस्टिस’ म्हणतात आणि सर्वांत वरच्या कोर्ट ऑफ अपील्सवरील व्यक्तीला ‘जज’. शब्दाला शब्द ठेवायचा म्हटले तर खालच्या पायरीवर न्यायमूर्ती आणि माथ्यावर न्यायाधीश बसवावे लागतील. म्हणून दोघांनाही सरसकट ‘न्यायाधीश’ म्हणावे, असे माझे मत आहे. न्यायालयाचे नाव मात्र ‘सुप्रीम कोर्ट’ असेच ठेवावे आणि प्रथम येईल तेथे ‘न्यूयॉर्क राज्याचे, खटले प्रथम चालवणारे’ एवढे विशेषण जोडावे. ‘सत्र न्यायालय’ म्हणण्याचा मोह टाळावा, कारण आपले सत्र न्यायालय फौजदारी कामाचे आणि हे कोर्ट दिवाणीही चालवते. ‘कनिष्ठ न्यायालय’ हा शब्दही आता जपून वापरलेला बरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यालयाला सांगितले होते की, ट्रायल कोर्टाला ‘लोअर कोर्ट’ म्हणू नये.

आता ‘निवड’. वाचकांचा खरा घोटाळा या शब्दाने केला आहे. एमपीएससीतून निवड होते, क्रिकेट संघात निवड होते आणि सोसायटीच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड होते. निवडणारा कोण, हे हा शब्द सांगतच नाही. आपल्याकडे न्यायाधीश परीक्षेने किंवा नेमणुकीने येतात, त्यामुळे ‘न्यायाधीशपदी निवड’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मतपेटी येणे शक्यच नाही. मतदान झाले असेल तेथे ‘निवडून येणे’ हेच क्रियापद वापरावे. परंतु लोपेझ टोरेस यांच्या त्या तीन प्रयत्नांना तेही चालणार नाही, कारण मतदारांनी त्यांना पाडले नव्हते. त्यांची गाडी त्याआधीच अडवली गेली होती. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाची मुदत १४ वर्षांची असते आणि नोव्हेंबरात जनता त्यासाठी मतदान करते हे खरे, पण पक्षाचा उमेदवार ठरवते ते प्रतिनिधींचे अधिवेशन. मतदारांनी पक्षांतर्गत निवडणुकीत निवडायचे ते केवळ प्रतिनिधी. एकाच पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या ब्रुकलिनसारख्या ठिकाणी अधिवेशनात नाव ठरले की नोव्हेंबरात फारसे काही उरत नाही. ‘त्यांना तिकीट मिळाले नाही’ हे मराठी त्या प्रसंगाला चपखल आहे. लेखाला ते हलके वाटत असेल तर ‘पक्षाने उमेदवारी नाकारली’ म्हणावे. ‘तिकीट कापले’ मात्र म्हणू नये. ते आधी हातात असावे लागते.

एका वकिलांची पुरवणी :
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. ट्रायलसाठी शासकीय परिभाषेत ‘संपरीक्षा’ हा शब्द आहे खरा, पण पस्तीस वर्षांच्या वकिलीत तो कोणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. व्हरांड्यात सगळे ‘ट्रायल कोर्ट’च म्हणतात. दुसरे असे की, ‘पक्ष’ हा शब्दही या मजकुरात घसरडा आहे. ‘पक्षाने न्यायाधीशांना विरोध केला’ असे वाचले की माझ्यासारख्याला आधी दाव्यातला पक्षकार दिसतो. एकदा तरी ‘राजकीय पक्ष’ असे पूर्ण लिहावे.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा :
आभार. आणखी दोन अडचणी आहेत. विरोधाचे कारण म्हणून लोपेझ टोरेस यांचे म्हणणे असे होते की, पक्षनेत्यांनी सांगितलेली माणसे नोकरीला लावण्यास त्यांनी वारंवार नकार दिला. येथे ‘आश्रयदानात्मक नियुक्त्या’ लिहिताना माझाच हात थांबला. दुसरे म्हणजे, २००५ मध्ये त्या ‘सरोगेट’ म्हणून निवडून आल्या. हा शब्द तसाच ठेवला तर वाचक थेट प्रसूतिगृहात पोहोचेल.

उत्तर :
पहिल्यासाठी ‘वशिल्याची भरती’. मराठीत वशिला असताना आश्रयदान कशाला? दुसऱ्यासाठी भाषांतर करणेच योग्य. सरोगेट म्हणजे तेथील सरोगेट कोर्टाचा न्यायाधीश. ते न्यायालय मृत्युपत्रे आणि मृतांच्या मालमत्तेची प्रकरणे पाहते, म्हणून ‘मृत्युपत्र व वारसा न्यायालयाच्या न्यायाधीश’. मुंबईच्या वाचकाला ‘प्रोबेटची कामे पाहणारे’ एवढ्यानेही कळेल.

प्रश्नकर्त्याचा सुधारलेला मजकूर :
‘न्यूयॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टासाठी, म्हणजे खटले प्रथम चालवणाऱ्या न्यायालयासाठी, राजकीय पक्षाने तीनदा उमेदवारी नाकारल्यावर लोपेझ टोरेस यांनी इतरांसह उमेदवार ठरवण्याच्या या पद्धतीविरुद्धच दावा लावला. फेडरल जिल्हा न्यायालयात आणि अपिलात त्या जिंकल्या. परंतु जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला आणि अधिवेशनाची पद्धत कायम राहिली.’ येथे दोन्ही न्यायालये एकाच परिच्छेदात आली आहेत, म्हणून वरचे ‘सर्वोच्च’ आणि राज्याचे ‘सुप्रीम’ हा भेद लेखाच्या अखेरपर्यंत पाळणार आहे.