मदत हवी आहे: अँमीटरचा काटा नुसता थरथरतोय

काटेकोर:
जुना काट्याचा अँमीटर मिळालाय, १ अँपिअरपर्यंतचा. दिव्याच्या सिरीजमध्ये जोडला. दिवा लख्ख लागतो, काटा मात्र शून्यावर नुसता थरथरतो. वायरी उलटसुलट करूनही तेच. कॉईल जळली का? उद्या लागणार आहे, लवकर सांगा.

तारयंत्री:
दिव्याला वीज कुठून देताय?

सरळमार्गी:
डिजिटल मल्टीमीटर वापरा, विषय संपवा.

काटेकोर:
मल्टीमीटर आहे हो, मला हाच चालवायचाय! वीज १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवरून. दिवा लागतोय म्हटल्यावर त्याने काय फरक पडतो?

तारयंत्री:
सगळा फरक तिथेच आहे. आत कायमचुंबकाच्या ध्रुवांमध्ये कॉईल असते. करंट गेला की ती फिरते, केसाएवढी स्प्रिंग तिला मागे ओढते, दोन्ही जोर सारखे होतात तिथे काटा थांबतो. पण ट्रान्सफॉर्मरमधून एसी येतो, त्यात करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. काटा निघतो न निघतो तोच मागे खेचला जातो. डायलवर आडवी रेघ आहे की नागमोडी?

काटेकोर:
आडवी. आकडे सारख्या अंतरावर.

तारयंत्री:
म्हणजे फक्त डीसीचा, एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा. आणि थरथरतोय म्हणजे कॉईल शाबूत आहे.

चुंबकवेडा:
कॉईलची चौकट ॲल्युमिनियमची का असते माहितीये? फिरताना तिच्यात भोवरी प्रवाह येतात, म्हणजे धातूतच गोल फिरणारे प्रवाह, ते फिरण्याला विरोध करतात, म्हणून काटा झुलत न बसता पटकन स्थिरावतो.

सरळमार्गी:
हे कुणी विचारलं?

जुगाड्या:
मीटर उघडा, कॉईलच्या तोंडाशी चार डायोडचा ब्रिज लावा, एसीचा डीसी होईल. मी व्होल्टमीटरला केलंय, मस्त चालतं.

तारयंत्री:
व्होल्टमीटरला चालेल, इथे नाही. अँमीटरमध्ये बहुतेक करंट शंटमधून, म्हणजे कॉईलला समांतर जोडलेल्या अगदी कमी रोधाच्या पट्टीतून जातो, कॉईलला मिळतो चिमूटभर. शंटवर व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, आणि सिलिकॉन डायोडला हवा अर्धा-पाऊण व्होल्ट. ब्रिज बाहेर लावा, त्याच्या डीसी टोकांमध्ये अख्खा मीटर. दिवा किंचित मंदावेल. वाचन सरासरीचं येईल, एसीचा नेहमीचा (आरएमएस) आकडा हवा तर १.११ ने गुणा.

जुगाड्या:
एवढा खटाटोप? मग मूव्हिंग आयर्न मीटरच घ्या की. त्यात लोखंडाच्या दोन पट्ट्या एकाच दिशेने चुंबकित होऊन एकमेकींना ढकलतात, करंट कुठूनही येवो.

तारयंत्री:
खरंय, पण सुरुवातीचे आकडे दाटीवाटीने असतात. कमी करंट वाचताना डोळे फुटतात.

काटेकोर:
आत्ता बॅटरीवर लावून पाहिला. काटा उलटा गेला!!

तारयंत्री:
टोकं बदला.

काटेकोर:
०.४ दाखवतोय. दिवा ५ वॉटचा आहे, म्हणजे बरोबर ना?

सरळमार्गी:
मल्टीमीटरने ताडून बघा.