हायब्रिड सायकल: रोजची ये-जा आणि लांबचा पल्ला (अनुभव धागा)

रोज कामावर जाण्यायेण्यासाठी आणि सुट्टीच्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटरची फेरी मारण्यासाठी एकच सायकल घ्यायची, असे ठरवणाऱ्यांची नजर शेवटी हायब्रिडवर, म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान आणि डोंगरी सायकलींच्या मधल्या प्रकारावर, त्यातही ‘फिटनेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारावर येऊन थांबते. सरळ हँडल, ७०० सी मापाची चाके, शॉकर नसलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा), तीसच्या आगेमागे मिलिमीटर रुंदीचे टायर आणि दहा ते तेरा किलो वजन अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण असते. ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप, स्पेशलाइज्डची सिरस आणि कॅननडेलची क्विक या मालिका कागदावर एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की तपशिलांचा तक्ता समोर ठेवूनही निर्णय होत नाही. म्हणून ज्यांनी अशी सायकल नियमित चालवली आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. ‘अमुक कंपनी उत्तम’ एवढ्याने कोणाचेच काम भागत नाही. अंतर किती, रस्ता कसा, सामान किती आणि सायकल घेतल्यानंतर काय काय बदलावे लागले, हे आले तर उपयोग होईल. सुरुवात मीच करतो.

माझा रोजचा रस्ता डांबरी असला तरी जागोजागी उखडलेला आहे. सायकलीबरोबर २८ मिलिमीटरचे टायर आले होते आणि ती मोकळ्या रस्त्यावर झकास पळत असे. पण खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोके पडत. अशा वेळी हवा आणखी भरावी असे सुचते, आणि त्याने पंक्चर कमी होतातही, पण सगळा हादरा मनगटात आणि पाठीत येतो. मी ३५ मिलिमीटरचे टायर बसवले आणि हवा कमी केली. वेग घटेल ही धास्ती होती, पण घड्याळात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही, कारण खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर उसळत राहतो आणि त्या उसळण्यात शक्ती वाया जाते. त्यामुळे सायकल निवडताना तिच्यासोबत कोणता टायर मिळतो यापेक्षा फ्रेम आणि फोर्कमध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो, आणि तोही मडगार्ड बसवल्यावर, हे मी आधी विचारेन. टायर केव्हाही बदलता येतो. फ्रेममधली जागा वाढवता येत नाही.

शंभर किलोमीटरच्या पुढे जाणारे एक सायकलस्वार

लांबच्या पल्ल्याबद्दल लिहितो. फिटनेस हायब्रिडचे दुखणे पायात किंवा चाकात नसून हातात आहे. सरळ हँडलवर हात ठेवण्याची एकच जागा असते, आणि दीड-दोन तासांनंतर माझी करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागत असे. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने अल्नर ही नस जाते आणि तिच्यावर सतत भार पडला की हे होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दाब दुसऱ्या नसेवर, म्हणजे मीडियनवर आहे असे समजावे. जाड, मऊ मुठी घेतल्याने काही साधले नाही. उलट मऊ रबर दबून भार त्याच ठिकाणी येत राहिला. तळहाताला पंख्यासारखा सपाट आधार देणाऱ्या मुठी, त्यांना जोडलेली, पुढे निघालेली आणि हात ठेवायला दुसरी जागा देणारी आखूड शिंगे आणि सीटचे नाक किंचित वर, अशा तीन बदलांनंतर चार-पाच तास निभावू लागले. सीटचे नाक खाली झुकलेले असले की शरीर पुढे घसरते आणि ते थोपवण्याचे काम हातांवर येते. पुष्कळांच्या बधिरपणाचे मूळ हँडलमध्ये नसून तिथे असते.

या सायकलीवर मी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, पूर्ण केली आहे. तिला साडेतेरा तासांची मुदत असते. चालत्या सायकलीचा सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर राखला तर दहा तास सायकलवर जातात आणि खाणे, पाणी, पंक्चर, नियंत्रण केंद्रावरची नोंद यांसाठी साडेतीन तास उरतात. म्हणजे हायब्रिडवर हे होते. त्यासाठी वेगळी सायकल लागतेच असे नाही. मात्र समोरून वारा सुटला की सरळ हँडलची किंमत मोजावी लागते. वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वीसवरून पंचवीसवर जाताना ती जवळजवळ दुप्पट होते, आणि ताठ बसणारा सायकलस्वार ही वाढ छातीवर झेलतो. तीनशे किलोमीटरला वीस तास मिळतात; त्या अंतरासाठी मात्र मी वाकड्या (शर्यतीच्या सायकलीसारख्या, टोके खाली वळलेल्या) हँडलची सायकल घेतली आणि हायब्रिड कामावर जाण्यासाठी ठेवली.

चढाच्या वाटेने कामावर जाणारी

माझ्या वाटेवर चढ आहे आणि पाठीमागे दोन पिशव्या असतात, त्यामुळे मी आधी गिअर मोजले. दुकानात ‘चोवीस गिअर’, ‘अठरा गिअर’ असे सांगतात, पण त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते पाहावे. पुढच्या लहान चक्राचे दाते भागिले मागच्या मोठ्या चक्राचे दाते, इतके साधे गणित आहे. पुढे २८ आणि मागे ३२ असतील तर गुणोत्तर ०.८८ येते आणि मिनिटाला साठ वेळा पॅडल फिरवून ताशी सातच्या आसपास वेग राखता येतो. पुढे ३० आणि मागे ३६ असतील तर ०.८३, म्हणजे आणखी थोडे हलके. अलीकडे पुढे एकच चक्र देण्याची पद्धत वाढली आहे. त्यात पुढे ४२ आणि मागे सर्वांत मोठे ४२ असतील तर गुणोत्तर बरोबर १ होते आणि सामानासह तीव्र चढावर गुडघ्यांना ते जाणवते. या एकचक्री रचनेत देखभाल कमी आणि साखळी उतरण्याचा त्रासही कमी, हे मान्य आहे. सपाट रस्त्यावर रोज जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण लांबच्या फेरीत दोन गिअरांमधले अंतर मोठे असल्याने पायांची लय सारखी मोडते, आणि ही तक्रार मला चढापेक्षाही अधिक खटकते.

वजनाची चर्चा मला अवास्तव वाटते. स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो होत असतील तर सायकल दोन किलोंनी हलकी असल्याने एका तासाच्या चढात एक-सव्वा मिनिट वाचतो. जिना चढून सायकल वर न्यावी लागणाऱ्यांसाठी मात्र ते दोन किलो खरे आहेत.

शॉकर असलेली सायकल वापरणारे

सगळे शॉकरच्या विरोधात बोलतात म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी सायकल जायंटच्या रोमच्या वर्गातली आहे, म्हणजे पुढे शॉकर असलेली आणि रुंद टायरांची. माझ्या वाटेचा मोठा भाग कच्चा आहे आणि तिथे मी खूश आहे. परंतु स्वस्त शॉकर साध्या फोर्कपेक्षा किलो-दीड किलोने जड असतो, पक्क्या रस्त्यावर उभे राहून पॅडल मारताना तो खाली-वर होऊन जोर गिळतो आणि काही वर्षांनी त्याच्या नळ्यांत खेळ येतो. त्याचे खाली-वर होणे बंद करण्याची सोय असते, पण वजन तेवढेच राहते. रस्ता पक्का पण खराब असेल, तर वर सुचवलेले रुंद टायर हाच अधिक शहाणपणाचा उपाय आहे. सिरस एक्सच्या काही प्रकारांत फोर्कमधल्या शॉकरऐवजी हँडलच्या खाली वीस मिलिमीटर दबणारी स्प्रिंग दिलेली आहे. ती मी थोडा वेळ चालवून पाहिली, मनगटाला आराम वाटला आणि पॅडलचा जोर वाया जात नव्हता. त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या जादा पैशांबद्दल प्रत्येकाने आपले ठरवावे.

पावसातही सायकल न सोडणारी

ब्रेकबद्दल अजून कोणी लिहिले नाही. ओल्या रस्त्यावर रिमवर घासणारे ब्रेक पहिल्या क्षणी पाणी पुसण्यातच वेळ घालवतात, आणि त्या पाण्याबरोबरची वाळू रिमही झिजवते. डिस्क ब्रेकमध्ये हे दोन्ही टळते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक स्वतःला घरी जुळवता येतात. तेलावर चालणारे बोटभर दाबाने थांबवतात आणि पॅड झिजले तरी आपोआप जुळून राहतात. मात्र चाक काढलेले असताना तेलाच्या ब्रेकची मूठ दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. प्रवासात चाक काढून ठेवायचे असेल तर मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. साखळीला तेल देताना फवारा डिस्कवर उडाला तर पॅड वाया गेलेच म्हणून समजावे.

मडगार्ड आणि कॅरिअर यांच्यासाठी फ्रेमवर स्क्रूची भोके आहेत की नाहीत हे विकत घेण्यापूर्वी पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेगवान दिसणाऱ्या काही सायकलींत ती दिलेली नसतात. मागचा डिस्क ब्रेक सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दांड्यावर बाहेरच्या बाजूने बसवलेला असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो आणि वेगळ्या घडणीचे कॅरिअर शोधावे लागते. पॅडलकडून मागच्या चाकाकडे जाणारे दांडे आखूड असतील, तर पिशवी लावल्यावर प्रत्येक फेऱ्यात टाच तिला लागते. पाठीवरची पिशवी रोजच्या जाण्यायेण्यात चालून जाते. तीन तासांच्या फेरीत घामाने आणि खांदेदुखीने जीव नकोसा होतो.

सपाट शहरात राहणारे, गिअर हबमध्ये असलेली सायकल वापरणारे

अगदी थोडक्यात सांगतो. मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या डबीत, आठ गिअर असलेली सायकल रोजच्या कामासाठी निर्धास्त आहे, सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. शिमानोच्या अशा हबची एकूण व्याप्ती सुमारे ३०७ टक्के असते, म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या तिपटीहून थोडा अधिक. लांब फेरीला चालते, डोंगरात अपुरी पडते, आणि मागचे चाक पंक्चर झाले की ते काढायला धीर लागतो.

सरळ हँडल बदलून पाहिलेले

वर हाताच्या बधिरपणाचा उल्लेख आला आहे. त्यावर ‘मग वाकडे हँडलच बसवून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो, म्हणून हा तपशील देतो. सरळ हँडलची मूठ बसते तिथला व्यास २२.२ मिलिमीटर असतो आणि वाकड्या हँडलचा २३.८, त्यामुळे ब्रेक आणि गिअर यांच्या मुठी जशाच्या तशा हलवता येत नाहीत. नव्या घ्याव्या लागतात. त्या नव्या मुठी ब्रेकची तार किती ओढतात आणि गिअरची किती, हे जुन्या ब्रेकशी आणि मागच्या डिरेलरशी (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाशी) जुळेलच असे नाही, आणि तेलाचे ब्रेक असतील तर सगळा संचच बदलतो. याउपर हायब्रिडची फ्रेम मुळात लांब असते, कारण ती सरळ हँडल गृहीत धरून आखलेली असते; वाकडे हँडल हात आणखी सात ते दहा सेंटिमीटर पुढे नेते आणि स्वार ताणला जातो. मी हा उद्योग हौस म्हणून केला व मला त्यात मजा आली, पण खर्चाच्या हिशेबाने तो कोणालाही सुचवणार नाही. हँडल रुंद वाटत असेल तर दोन्ही टोकांकडून दोन-दोन सेंटिमीटर कापून घेणे, हा त्याहून पुष्कळ स्वस्त आणि गुणकारी बदल आहे. फक्त कापण्याआधी काही दिवस मुठी आत सरकवून चालवून पाहावे.

उंचीने कमी असलेली

शेवटी मापाबद्दल. माझ्यासारख्या बुटक्या व्यक्तीला लहान फ्रेम दिली जाते, पण चाके तीच मोठी राहतात, आणि वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. वेगात असताना हँडल इतके वळतच नाही, म्हणून काही जण हे किरकोळ मानतात; गर्दीत, हळू वेगात वळसा घेताना मात्र पडायला तेवढे पुरते. चाचणीसाठी सायकल घेतली की क्रँक (पॅडल ज्यांना जोडलेले असते ते दांडे) आडवे करून, रोजचेच बूट घालून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. १७५ मिलिमीटरऐवजी १६५ चे क्रँक मागता येतात. त्यांनी एक सेंटिमीटर जागा मिळते आणि गुडघाही कमी वाकतो. एस्केप, एफएक्स आणि क्विक या तिन्हींचे ‘स्मॉल’ एकसारखे नाही. त्या अक्षराकडे दुर्लक्ष करून फ्रेमची ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ (क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे आणि उभे अंतर) ही दोन मापे मिलिमीटरमध्ये मागावीत आणि आपल्याला सोयीची वाटलेल्या एखाद्या सायकलीशी ताडून पाहावीत. ज्यांना मडगार्ड लावायचे आहेत त्यांनी बुटाच्या टोकापासून चाकापर्यंतचे अंतर मडगार्ड धरून मोजावे, कारण तेही सेंटिमीटरभर जागा खातात.